गिरणी, दुकान आणि गोदामाचा विमा: निवडताना काय पाहावे?



पिकाचा विमा आता आपल्याला ठाऊक झाला आहे. पण कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी या बाजूला नुसत्या भातशेतीवर घर चालत नाही. कुणाची भाताची गिरणी आहे, कुणाचं खत-बियाण्याचं दुकान, कुणी गवताच्या गाठी बांधून विकतो, तर कुणी गोदाम बांधून भाड्यानं दिलं आहे. ती इमारत, ते यंत्र, तो माल यांचं काय? पिकविम्यात यातलं काहीच येत नाही. त्यासाठी मालमत्तेचा वेगळा विमा लागतो.

गरज काय, असं कुणी विचारील. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नि वालधुनीचं पाणी बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या दुकानांत शिरलं. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला मोठे स्फोट झाले. ज्यांचा त्या कारखान्यांशी काही संबंध नव्हता, त्यांच्याही काचा फुटल्या. आपण कितीही जपून वागलो तरी नदी आणि शेजारी आपल्या हातात नसतात, बरं का!

पॉलिसी कोणती?

१ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ नावाची पॉलिसी आहे. एका जागेवरची इमारत, यंत्रं आणि माल मिळून किंमत ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ही घ्यावी. त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ आहे. मूळ मजकूर सर्व कंपन्यांचा सारखाच असतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी हप्ता विचारा, आणि ज्यांना भरपाई मिळाली आहे अशा व्यापाऱ्यांचा अनुभवही विचारा. आग, वीज पडणे, स्फोट, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, दंगल ही संकटं यात येतात.

काय येत नाही, तेही समजून घ्या:

१. नुसती चोरी किंवा घरफोडी. तिचा विमा वेगळा.
२. शॉर्टसर्किटनं जळालेली ती मोटर. आग पसरून बाकीचं जळालं तर त्याची भरपाई मिळते, पण त्या मोटरीची नाही. यंत्रबिघाडाचा विमा निराळा.
३. टेम्पोतून वाटेवर असलेला माल.
४. कोंबड्या आणि जनावरं. शेडचा विमा इथं होतो, पक्ष्यांचा वेगळा घ्यावा.

रक्कम किती लिहावी?

इथंच पुष्कळजण फसतात. हप्ता वाचवायला किंमत कमी लिहितात. समजा, गोदामात १० लाखांचं भात आहे आणि विमा ६ लाखांचाच आहे. पुरात ५ लाखांचं भात भिजलं. मालक म्हणतो, ‘माझा विमा ६ लाखांचा, मला पाचच्या पाच लाख द्या.’ कंपनी म्हणते, ‘तुम्ही दहातला सहा हिस्साच उतरवलात, म्हणून नुकसानीचाही तेवढाच हिस्सा, म्हणजे ३ लाख.’ उरलेले २ लाख स्वतःच्या खिशातून! या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. त्याहून जास्त असली की अशी कात्री लागते.

म्हणून इमारत आणि यंत्र यांची किंमत आज नव्यानं उभं करायला जे लागेल ती लिहा. जमिनीची किंमत त्यात धरू नका. माल मात्र हंगामात सर्वांत जास्त किती साठतो ते पाहून लिहा. दिवाळीनंतर गोदाम भरतं आणि श्रावणात रिकामं असतं, म्हणून श्रावणातला आकडा लिहून भागत नाही.

कर्ज घेताना बँक विमा काढायला लावते. कधी तो कर्जाच्या रकमेएवढाच असतो. कागद मागून घ्या आणि बाकीची रक्कम वाढवून घ्या. भरपाई आधी बँकेच्या कर्जाला जाते, हेही लक्षात असू द्या.

पत्ता आणि खरं काम

विमा कागदावर लिहिलेल्या जागेचाच असतो. माल दुसऱ्या गोदामात हलवलात तर कंपनीला आधी कळवा. अर्जात खरं लिहा. छप्पर गवताचं असेल, आत डिझेल किंवा गवताच्या गाठी असतील, तर तसं सांगा. लपवलेली गोष्ट नेमकी भरपाईच्या वेळी बाहेर येते. अर्ज एजंटानं भरला तरी सही करण्यापूर्वी वाचून पाहा.

नुकसान झाल्यावर

कंपनीला ताबडतोब कळवा. फोटो काढा. भिजलेला माल सर्वेक्षक येईपर्यंत फेकू नका; चांगला उरलेला मात्र वेगळा करून वाचवा. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, तो झाला म्हणजे विम्याचं काम झालं असं समजू नका. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला घ्या. खरेदीची बिलं आणि साठ्याच्या वहीची नक्कल गिरणीत न ठेवता घरी उंचावर ठेवा. वही वाहून गेली तर मालाचा पुरावा कुठून आणणार?

कंपनीकडे लेखी तक्रार करूनही महिन्याभरात उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर लहान धंदेवाल्याला विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी लागत नाही.

शेवटची गोष्ट. हप्ता कंपनीच्या हाती पोचल्याशिवाय विमा सुरू होत नाही. रायत्याचा पूल पाण्याखाली गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मृग लागण्याआधीच, कौलं शाकारताना, पॉलिसीची तारीखही पाहून घ्या.