देवमाशांचे ध्वनिसंदेशन
सीटॅसिया गणातील देवमासे हे सागरी सस्तन प्राणी परस्परांशी संपर्क मुख्यत्वे ध्वनीद्वारे राखतात. समुद्रात प्रकाश फार खोल जात नाही. ध्वनी मात्र सेकंदाला सु. १,५०० मी. वेगाने, म्हणजे हवेतील वेगाच्या चौपटीहून अधिक वेगाने, दूरवर जातो.

दंतहीन देवमाशांत ध्वनी स्वरयंत्रात निर्माण होतो. फिन देवमाशाच्या आवाजाची कंप्रता सु. २० हर्ट्‌झ असते. हंपबॅक जातीचे नर प्रजननकाळात ठराविक क्रमाने पुनरावृत्त होणारे दीर्घ ‘गीत’ गातात. रॉजर पेन व स्कॉट मॅक्‌व्हे यांनी १९७१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एका समुदायातील सर्व नरांचे गीत जवळजवळ सारखे असते व ते कालांतराने बदलत जाते. दंतयुक्त देवमाशांपैकी स्पर्म देवमासे ‘कोडा’ नावाच्या टिकटिक ध्वनींच्या लयबद्ध मालिका वापरतात; निरनिराळ्या समूहांच्या मालिका भिन्न असतात.

जहाजांचा गोंगाटही कमी कंप्रतेचा असल्याने त्यात दंतहीन देवमाशांचे आवाज बुडून जातात. सप्टेंबर २००१ मध्ये कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजवाहतूक घटली. त्या वेळी गोंगाट कमी झाला आणि तेथील राइट देवमाशांच्या विष्ठेतील ताणदर्शक हॉर्मोनांचे प्रमाणही घटलेले आढळले.