ताईची बस

डायलिसिसच्या रुग्णाला आपण आहार सांगतो, पाण्याचे प्रमाण ठरवून देतो, फिस्टुलाची काळजी कशी घ्यावी ते समजावतो. तो घरून केंद्रापर्यंत येतो कसा, हे मात्र क्वचितच विचारतो. इंदुरात तीस वर्षे रुग्ण पाहूनही मी विचारले नव्हते. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतील ओहायो राज्यात, थोरल्या बहिणीकडे गेलो तेव्हा ही उणीव ध्यानी आली.

मधुमेहाने ताईचा एक पाय गुडघ्याखाली गेलेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. भाऊजींची दृष्टी अधू झाल्याने गाडी चालवणे बंद. ताईला न्यायला शहर परिवहनाची एक छोटी बस दाराशी येई. तिकडे या सेवेला पॅराट्रान्झिट म्हणतात. ज्यांना नेहमीच्या बसने जाता येत नाही, अशा अपंगांसाठी ती चालवणे १९९० च्या कायद्याने बंधनकारक आहे. नेहमीच्या मार्गापासून पाऊण मैलाच्या आत ती मिळालीच पाहिजे. आदल्या दिवशी नोंद केली की पुरे, आणि भाडे नेहमीच्या दुपटीहून अधिक घेता येत नाही. हे ऐकून मी मनोमन हात जोडले.

कायदा भक्कम होता. बस मात्र थकलेली होती. ही वाहने मोठ्या बससारखी बांधलेली नसतात. हलक्या ट्रकच्या चासीवर वेगळी बॉडी चढवलेली, मागे खुर्ची उचलणारी लिफ्ट. दिवसभर दारोदार थांबायचे, प्रत्येक थांब्यावर लिफ्ट खाली-वर करायची, आणि हिवाळ्यात रस्त्यावरचे मीठ पत्रा खाणार. म्हणूनच केंद्र सरकारच्या हिशेबात मोठ्या बसचे किमान आयुष्य बारा वर्षे वा पाच लक्ष मैल, तर या छोट्यांचे जेमतेम चार-पाच वर्षे. ते उलटले की नव्या वाहनासाठी अनुदान मागता येते, अगदी ८५ टक्क्यांपर्यंत. पण उरलेला वाटा शहराने काढायचा असतो. त्यातच महासाथीनंतर चिपच्या टंचाईने चासी मिळेनात. ताईची बस आठव्या वर्षात होती.

त्या शुक्रवारी लिफ्ट मध्येच अडली. ताई खुर्चीसह जमिनीपासून दीड हात वर, आणि वरून बर्फ पडत होते. चालकाने हातपंप मारून तिला सावकाश खाली आणले. बिचारा पुनःपुन्हा क्षमा मागत होता. राखीव गाडी आधीच कार्यशाळेत पडून होती. टॅक्सी बोलावून तिला उचलून बसवू, असे मी सुचवले.

‘‘अरे, घसरून पडले तर हाड मोडेल. एक दिवस चुकला तर काय होतंय? सोमवारी जाईन,’’ ताई म्हणाली.

मी मान्य केले. शनिवारी केंद्रात जागा नव्हती, रविवारी केंद्र बंद. बुधवार ते सोमवार म्हणजे पाच दिवस होतात, हे रुग्णाला मी डोळे वटारून सांगितले असते. आठवड्याअखेरच्या दोन दिवसांच्या खंडानंतरही मृत्यूचे प्रमाण वाढते, हे २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापलेल्या अभ्यासात मी वाचले होते. बहिणीपुढे ते सुचले नाही.

रविवारी सायंकाळी तिचे हातपाय गळाले, धाप लागली. रुग्णालयात पोटॅशियम ६.९ आले; कार्डिओग्राममधील टी लहरी तंबूसारख्या उभ्या. रात्री तातडीने डायलिसिस झाले आणि ताई वाचली. खर्चाचा आकडा भाऊजींनी मला दाखवला नाही. पण एका लिफ्टची दुरुस्ती त्यात अनेकदा झाली असती, एवढे मी पैजेवर सांगतो.

जूनमध्ये तिचा फोन आला. ‘‘नवी गाडी आली रे! लिफ्टच नाही, नुसता उतार. चालक हाताने उघडतो नि खुर्ची सरळ आत.’’ तळ जमिनीलगत असलेल्या या वाहनात बिघडण्याजोगे भाग फारच थोडे. खरेदी करणाऱ्यांनी एवढे पाहिले, याचे मला कौतुक वाटले.

आपल्याकडे दाराशी बस येणे दूरच. इंदुरात २०१३ मध्ये आयबस सुरू झाली तेव्हा फलाटावरून पायरीविना आत शिरता येई. पण घरापासून फलाटापर्यंतचे अंतर ज्याचे त्याने पार करायचे. परतल्यावर मी डायलिसिसच्या केसपेपरवर ‘येण्याचे साधन’ असा रकाना छापून घेतला. पहिल्याच आठवड्यात सुदामानगरच्या एका आजींपुढे परिचारिकेने लिहिले: ‘नातवाची स्कूटर. नातवाची परीक्षा मार्चमध्ये.’