बाथरूमचं छत उंच आहे? मग वरचा एक बल्ब पुरणार नाही

जुन्या घरांत बाथरूमचं छत अनेकदा १२ फुटांवर असतं. वर बल्ब लावूनही खाली अंधुकच दिसतं. कारण बल्बपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट पडणारा उजेड एक चतुर्थांश उरतो. त्यात फरशी ओली असेल, तर घरातल्या ज्येष्ठांना घसरण्याचा धोका.

मग काय कराल?

• मुख्य दिवा भिंतीवर, साधारण ७ फुटांवर लावा. बल्ब बदलायला उंच शिडीही लागणार नाही.

• आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे हवेत. फक्त वरून उजेड आला की चेहऱ्यावर सावली पडते.

• खरेदी करताना वॉटपेक्षा ल्युमेन बघा.

• शॉवरजवळच्या दिव्याला ‘आयपी ६५’ रेटिंग हवं.

• घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. करंट लीक झाला तर तीच वीज तोडते.