पाच नॅनोमीटरची राखण

दक्षिण आफ्रिकेतल्या खडकांवर क्रॅटेरोस्टिग्मा प्लँटाजिनियम नावाचं एक बुटकं रोप उगवतं. पाऊस गेला की त्याच्या पानांतलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी उडून जातं आणि पान आक्रसून गुंडाळलं जातं. महिनोन्‌महिने तसंच पडून राहिलेलं हे रोप पाणी मिळालं की दिवसभरात पुन्हा टवटवीत!

एवढं पाणी गेल्यावर बाकीची बहुतेक झाडं मरतात, आणि घात होतो तो मुख्यतः पेशीच्या पटलाशी. हे पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. असे २ लाख थर एकावर एक रचले तर कुठे १ मिलीमीटर भरतो. पटलाच्या १ चौरस मायक्रोमीटरमध्ये मेदाचे सुमारे ५० लाख रेणू दाटीवाटीने उभे असतात. हिशेब १ चौरस मिलीमीटरपर्यंत नेला तर ५ लाख कोटी. (एरवी असे आकडे आपल्याला अर्थसंकल्पातच भेटतात.) प्रत्येक रेणूच्या डोक्याभोवती पाण्याचे दहाएक रेणू असतात आणि तेच शेजाऱ्यांमध्ये अंतर राखतात. पाणी गेलं की मेदाचे रेणू एकमेकांना भिडतात, पटल ताठरतं आणि पुन्हा भिजताना गळू लागतं.

कॅलिफोर्नियातल्या जॉन आणि लोइस क्रो या दांपत्याने १९८०च्या दशकात यामागचं गणित उलगडलं. प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका मेदाचं ओलं पटल ४१ अंश सेल्सिअसला मऊ पडतं. कोरडं केलं तर १०० अंशांपर्यंत तापवूनही ताठच. मात्र ट्रेहॅलोज ही साखर घालून वाळवलं तर २४ अंशांनाच मऊ! पाण्याची जागा साखरेने घेतलेली असते. तिच्या रेणूवरचे आठ हायड्रॉक्सिल गट मेदाच्या डोक्यांना धरून बसतात. आपल्या चहातल्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, रेणूवरही आठच असतात, आणि क्रॅटेरोस्टिग्माची भिस्त तिच्यावरच आहे.

हिरव्या पानातली ९० टक्क्यांच्या आसपास साखर ऑक्ट्युलोज नावाची, आठ कार्बनची असते. पान सुकू लागलं की तिची सुक्रोज होते, अगदी कोरड्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत. उसाच्या कांड्यातलं पाणी वजा केलं तर उरलेल्या मालातही साधारण तेवढीच साखर निघेल. पण आडसाली उसाला त्यासाठी दीड वर्ष लागतं. हे पान काही दिवसांत उरकतं, तेही वाळता वाळता.

साखरेचं दुसरं काम मला जास्त अचाट वाटतं. पाणी कमी होत गेलं की तिचे स्फटिक होत नाहीत, काच होते. या काचेची विष्यंदिता (वाहण्याला होणारा विरोध) पाण्याच्या दहा लाख अब्ज पट, म्हणजे १ वर १५ शून्यं. रेणू जागचे हलेनासे होतात आणि नासधूस जवळजवळ थांबते. सुक्या बियांमध्येही अशीच काच असते. चीनच्या लिआओनिंग प्रांतात जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे १,३०० वर्षांचं कमळबी रुजलं, ते उगीच नाही. अर्थात कमळबीचं कवच भलतंच टणक असतं, तेव्हा सगळं श्रेय साखरेला देता येत नाही.

अशी सुकून जगणारी झाडं पाहायला आफ्रिकेलाच जायला हवं असंही नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटातले सडे आणि कातळ पालथे घालून अशा ६२ जाती नोंदवल्या. त्याआधी माहीत होत्या फक्त नऊ.