टचडाउनशिवाय जिंकणारी आयोवा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या आयोवा हॉकआइजचं कौतुक करावं की कपाळावर हात मारून घ्यावा, हेच कळत नाही! ३ सप्टेंबर २०२२ला त्यांनी साउथ डकोटा स्टेटला ७-३ हरवलं, तेही एकही टचडाउन न करता. फील्ड गोलचे तीन गुण आणि दोन सेफ्टींचे चार. सेफ्टी म्हणजे समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये चेंडूसकट आडवा करणं.

यामागे पंटर टोरी टेलरचा पाय. हा मेलबर्नचा गडी चेंडू असा उडवायचा, की तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपाशी पडायचा. पुढचं काम बचावाचे प्रशिक्षक फिल पार्कर यांच्या झोन बचावाचं: नजर पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर, लांबचा पास होऊ द्यायचाच नाही, आणि क्वार्टरबॅक चुकायची निवांत वाट बघायची. मला तर हे टचडाउनपेक्षा देखणं वाटतं.

आक्रमणाबद्दल मात्र काय बोलावं? तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवेत आणि पास चार यार्डांचा! तेव्हा प्ले ठरवायचे ब्रायन फेरेंत्झ, म्हणजे मुख्य प्रशिक्षक कर्क यांचे चिरंजीव. २०२३मध्ये ब्रायन यांच्या करारात सामन्यामागे सरासरी २५ गुणांची अट आली. संघाची सरासरी निघाली जेमतेम १५. तरीही त्या मोसमात आयोवाने दहा सामने जिंकले, बिग टेन या आपल्या लीगची अंतिम फेरी गाठली आणि तिथे मिशिगनकडून २६-० मार खाल्ला.