चेष्टेतल्या त्या दहा मुली

‘अगं, चेष्टा केली त्यानं! एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’ हे वाक्य आयुष्यात कधीच ऐकलं नाही, अशी बाई आपल्यात शोधून सापडायची नाही. लग्नाच्या पंगतीत नव्या सुनेच्या रंगावरून कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे खो खो हसतात, आणि ती बिचारी वाढायचं भांडं हातात धरून तीही हसते. हसली नाही तर वर ‘भारीच बाई नाक हिचं!’ हेही ऐकावं लागतं.

म्हणून मैत्रिणींनो, आज तुम्हाला एका अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाची गोष्ट सांगणार आहे. आपल्याकडे जशी सकाळी चहाच्या आधणाबरोबर आकाशवाणी लागायची, तसा तिकडे लाखो घरांत आणि गाड्यांत ‘आयमस इन द मॉर्निंग’ लागायचा. डॉन आयमस हा त्याचा कर्ताधर्ता. डोक्यावर काऊबॉय टोपी, आवाज घोगरा, जीभ तिखट. सुरुवातीच्या काळात तो रेडिओवरून हॉटेलात फोन लावून एकदम बाराशे हॅम्बर्गरची ऑर्डर द्यायचा आणि समोरच्या माणसाची तारांबळ ऐकवायचा. लोकांना गंमत वाटायची. १९७१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. दारूपायी आणि व्यसनापायी मधल्या काळात नोकरीही गेली, पण गडी पुन्हा उभा राहिला. १९९६ पासून त्याचा कार्यक्रम टीव्हीवरही दिसू लागला. मोठमोठे सिनेटर, पत्रकार, लेखक त्याच्याकडे हजेरी लावायचे. पुस्तक खपायचं तर आयमसकडे जायलाच हवं, अशी त्याची पत होती.

त्याच तोंडून काळ्या लोकांवर, ज्यूंवर, बायकांवर वाट्टेल ते विनोद व्हायचे. ग्वेन आयफिल ही कृष्णवर्णीय पत्रकार एका नामांकित वर्तमानपत्रासाठी व्हाइट हाउसच्या बातम्या द्यायची. ‘वा, साफसफाईच्या बाईला व्हाइट हाउसला पाठवलंय!’ अशा अर्थाचं तो आपल्याबद्दल बोलला होता, असं तिनं पुढे लिहिलं. इतकं शिकून, कष्ट करून वर आलेल्या बाईला एका वाक्यात पुन्हा झाडू हातात देऊन टाकला! (आणि झाडू मारणाऱ्या बाईचा त्यात काय अपराध, हेही कुणी विचारलं नाही.) त्या वेळी फार काही घडलं नाही. हसणारे हसले, पाहुणे येतच राहिले.

मग उजाडला एप्रिल २००७. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला होता. मुली दहा, त्यांतल्या आठ कृष्णवर्णीय. निम्म्या तर कॉलेजात पहिल्याच वर्षाला. हंगामाची सुरुवात इतकी वाईट होती, की या पोरी इथवर येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ३ एप्रिलला टेनेसीकडून त्या ५९-४६ अशा हरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आयमस आणि त्याचा निर्माता रेडिओवर गप्पा मारत होते. मुलींच्या अंगावरचं गोंदण, त्यांचे राठ कुरळे केस यावरून बोलता बोलता आयमसनं त्यांना वेश्येसाठी वापरतात तो शब्द लावला. तो शब्द मी इथे लिहीत नाही. काही सेकंदांचंच बोलणं, पण एका माध्यम-पहारा संस्थेनं ते टिपून ठेवलं आणि बाहेर आणलं.

आधी तो म्हणाला, एवढं काय त्यात. दोन दिवसांनी माफी मागितली. मग दोन आठवडे कार्यक्रम बंद ठेवायची शिक्षा जाहीर झाली. कदाचित तेवढ्यावरच मिटलंही असतं. पण १० एप्रिलला त्या दहा मुली आपल्या प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्याबरोबर पत्रकारांसमोर येऊन बसल्या.

या स्ट्रिंगरबाईंबद्दल सांगायलाच हवं. कोळसा खाणीतल्या कामगाराची ही लेक. १९८२ मध्ये पहिल्यांदा संघ घेऊन राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तिची तान्ही मुलगी मेंदूज्वरानं रुग्णालयात होती. ती मुलगी पुढे कायमची अपंग झाली. १९९२ मध्ये नवरा अचानक गेला. तरी बाई मैदानावर उभी राहिली, आणि तीन वेगवेगळ्या कॉलेजांचे संघ शेवटच्या चारांत नेणारी पहिली प्रशिक्षक ठरली. त्या दिवशी ती रडली नाही, ओरडली नाही. एकेक मुलगी कोण आहे ते तिनं सांगितलं. ही वर्गात पहिली आलेली, हिला डॉक्टर व्हायचंय, ही संगीतात हुशार. कर्णधार एसेन्स कार्सन शांतपणे बोलली. हेदर झुरिक नावाची गोरी खेळाडूही बोलली. आमच्या यशाचा आनंद साजरा करायचा क्षणच हिरावून घेतला, असं तिचं म्हणणं होतं.

इतके दिवस ती ‘चेष्टा’ होती. आता तिला दहा चेहरे आले, शेजारी बसलेल्या आईवयाच्या बाईसकट. घरोघरी टीव्ही बघणाऱ्यांना त्यात आपल्या लेकी दिसल्या असणार.

त्यानंतर जे झालं ते अगदी व्यवहाराचं. जाहिरातदार निघून जाऊ लागले. त्यात प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी होती, म्हणजे आपल्या मोरीतल्या एरियल-टाइडची आणि व्हिस्परची. साबण विकत घेणार बाई, आणि तिच्याच लेकीला शिवी, हे गणित कंपन्यांना बरोबर कळतं! टीव्ही वाहिनीतल्या कर्मचाऱ्यांनीही आतून आवाज उठवला. ११ तारखेला टीव्हीनं आणि १२ तारखेला रेडिओ कंपनीनं आयमसला काढून टाकलं. त्याच रात्री तो मुलींना गव्हर्नरच्या बंगल्यावर भेटला आणि त्यांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघानं ती स्वीकारली.

त्याच्या बाजूचंही सांगते. कर्करोग झालेल्या मुलांसाठी त्यानं न्यू मेक्सिकोत एक रँच चालवलं होतं, त्यासाठी मोठा पैसा उभा केला होता. ‘गाण्यांत हेच शब्द चालतात, मग यालाच का?’ असंही पुष्कळांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. पण गाण्यात घाण आहे म्हणून ती दुसऱ्याच्या पोरींच्या अंगावर टाकायची मोकळीक कशी मिळते, हे मला काही समजत नाही.

आमच्या बचत गटात मी ही हकिगत सांगितली, तेव्हा एकजण पटकन म्हणाली, ‘ताई, म्हणजे त्याचं कायमचं बंद झालं ना?’ नाही हो. डिसेंबर २००७ मध्येच तो दुसऱ्या स्टेशनवर परत आला. आठ महिनेसुद्धा झाले नव्हते. या वेळी सोबत दोन कृष्णवर्णीय विनोदकार होते, त्यांतली एक बाई. पण पूर्वीचा दरारा काही राहिला नाही. मार्च २०१८ मध्ये कार्यक्रम संपला आणि २७ डिसेंबर २०१९ रोजी, ७९ व्या वर्षी, आयमस वारला.

एसेन्स कार्सन पुढे व्यावसायिक बास्केटबॉल खेळली. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघानं अमेरिकेतलं विजेतेपद जिंकलं, त्या संघात ती होती. स्ट्रिंगरबाई २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. रटगर्सच्या मैदानाला आता त्यांचं नाव दिलंय.