धरण तेच, धोका वाढलेला

सकाळी ६. मे महिना. चालायचं काम उन्हं चढण्याआधी उरकायचं, म्हणून सटाण्याहून लवकर निघायचं. आज आरम नदीवरच्या केळझर धरणाची मान्सूनपूर्व तपासणी. मातीचा भराव, साठा ५७२ दशलक्ष घनफूट. पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा पाहणी २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने सक्तीची केली आहे.

७.३०. माथ्यावर. भेग दिसली तर आधी तिची दिशा पाहायची. माथ्याच्या लांबीने गेलेली भेग बहुधा भराव खचल्याची. माथा आडवा छेदणारी जास्त वाईट, ती पाण्याला आरपार वाट देते. मग उतारावरची झुडपं आणि बिळं. बाभळीचं मूळ कुजलं की भरावात नळी तयार होते. २ जुलै २०१९ ला चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हा भराव पोखरल्याचं खापर खेकड्यांवर फुटलं आणि राज्यभर हसू झालं. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, हे त्या हशात मागे पडलं.

१०. पायथा. खरी तपासणी इथे. प्रत्येक मातीचं धरण थोडंफार पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्ही-नॉचवर, म्हणजे ‘V’ आकाराच्या खाचेवर, पाझराचं पाणी मोजायचं आणि गेल्या वर्षी साठ्याची पातळी एवढीच असताना किती होतं, ते पडताळायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा रंग. निवळ असेल तर ठीक. गढूळ आलं तर आतली माती वाहून चालली आहे, आणि मग वाट पाहायची नसते.

१२.३०. सांडवा आणि विमोचकाचं, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाचं, दार. दोन्हींची नोंद घेतली, पुढे.

२. चौकीदाराबरोबर भाकरी-ठेचा. तो म्हणतो, “साहेब, आत्ता काय दिसणार? धरण भरल्यावर या.” खरं आहे. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, गळती लपते. माझ्या मते पावसाळ्यानंतरची पाहणीच मोलाची.

४. कार्यालयात तक्ते भरणं. त्रुटींचे वर्ग तीन: पहिल्यात धरण फुटू शकेल अशा, दुसऱ्यात तातडीने दुरुस्ती लागणाऱ्या, तिसऱ्यात किरकोळ. धोक्याचा वर्ग मात्र वेगळा. तो भेगांवर ठरत नाही. धरण फुटलंच तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. भराव ठणठणीत असला तरी पात्रालगत घरं वाढली की वर्ग चढतो.

५.३०. म्हणून शेवटचा फेरा धरणाच्या खाली, सटाण्यात आरम नदीच्या पात्रात, देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या मंदिराकडे. मार्गशीर्षात इथे यात्रा भरते. पावसाळा चांगला झाला असेल तर त्या दिवसांत वर धरणात भरपूर पाणी असतं. लोकसंख्येच्या रकान्यात एरवीच्या रहिवाशांबरोबर ही गर्दीही धरली पाहिजे.

नदीकाठी तुमचं घर किंवा दुकान असेल, तर धरणाच्या आपत्कालीन कृती आराखड्यात तुमची गल्ली आहे का आणि इशारा कोण, कसा देणार, हे पावसाळ्याआधी तहसील कार्यालयात जाऊन विचारा.